वाचकांचे प्रश्न: फोटोग्राफी शिकायला पुस्तक कुठलं घेऊ?

गेल्या अंकात मी जाता जाता लिहिलं होतं की माझ्या नौपाड्याच्या स्टुडिओत लेन्सच्या कपाटापेक्षा पुस्तकांचं कपाट मोठं आहे, त्यावर एवढे मेसेज आणि पत्रं आली की संपादकांनी सांगितलं यावेळी सगळं सदर पुस्तकांवरच करा. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही, पण ज्या प्रश्नांत बऱ्याच जणांचा प्रश्न आहे असे घेतलेत. आधी एकच सांगते, यातलं कुठलंही पुस्तक झोपताना उशीला टेकून वाचायचं नाहीये. कॅमेरा शेजारी ठेवायचा, दोन पानं वाचायची, उठायचं, तेच करून बघायचं आणि मग तिसरं पान.

कळव्याहून एक कॉलेजची मुलगी लिहिते: ताई, मी एस वायला आहे, मामाने त्याचा जुना डीएसएलआर दिलाय, त्याच्यासोबत आलेल्या साध्या किट लेन्ससकट. यूट्यूबवर शेकडो व्हिडिओ बघून झाले पण मॅन्युअल मोडवर गेले की फोटो एकतर काळाकुट्ट नाहीतर पांढराफटक. पुस्तकासाठी हजार-बाराशे रुपये साठवलेत. एकच घ्यायचं तर कुठलं?

एकच म्हणालीस हे फार बरं केलंस. ब्रायन पीटरसनचं 'अंडरस्टँडिंग एक्स्पोजर' घे. पहिल्यांदा १९९० मध्ये आलं, नंतर सुधारून नव्या आवृत्त्या निघाल्या, पण मुंबईत फ्लोरा फाउंटनला किंवा माटुंग्याला रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे एखादी जुनी प्रत दिसली तर तीही बिनधास्त उचल, त्यात फिल्मबद्दल लिहिलेलं असलं म्हणून काही बिघडत नाही, उजेड तोच आहे. मला हे पुस्तक का आवडतं सांगू का, हा माणूस आकडे पाठ करायला लावत नाही, तो आधी विचारतो तुला दाखवायचंय काय. पुढच्या दगडापासून मागच्या डोंगरापर्यंत सगळं शार्प हवं असेल तर एफ १६ ते २२ (एफ म्हणजे लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा मोठा तितकं छिद्र लहान), एकच गोष्ट उठून दिसायला हवी असेल तर एफ २.८ ते ५.६, आणि भिंतीला टेकून उभा असलेला माणूस, म्हणजे जिथे मागेपुढे काही नाहीच, तिथे एफ ८ किंवा ११. बस. व्हिडिओमध्ये हेच सांगतात पण तो पुढे सरकतो आणि तू नुसती बघत राहतेस, पुस्तक मात्र त्याच पानावर उघडं राहतं, तू ठाण्याच्या तलावपाळीला जाऊन आलीस तरी.

तर जा तलावपाळीला. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास गडकरी रंगायतनच्या बाजूला उभी राहा, कठड्यावर समोर काहीतरी ठेव, पाण्याची बाटली चालेल, मागे बोटी येऊ दे. तुझ्या किट लेन्सला २.८ मिळणार नाही त्यामुळे झूम पूर्ण बाहेर काढ, ५.६ वर ठेव आणि बाटलीच्या जवळ जा. मग तीच फ्रेम ११ वर, मग २२ वर. वहीत लिहून ठेव, मोबाईलमध्ये नको, वहीत.

आता तुझ्या काळ्या-पांढऱ्या फोटोंचं. हे घरी ओट्यावर कर. ताटात तांदळाचं पीठ पसर आणि शेजारी लोखंडी तवा ठेव, खिडकीच्या उजेडात. आधी फक्त पीठ, फ्रेममध्ये दुसरं काही नको, मीटरचा, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या पट्टीचा, काटा मध्यावर आणून फोटो काढ. मग फक्त तवा, पुन्हा काटा मध्यावर. दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून बघ, पीठही राखाडी आलेलं असेल आणि तवाही राखाडीच. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी तासभर त्या दोन फोटोंकडे बघत बसले होते. कॅमेऱ्याला पीठ माहीत नाही, तवा माहीत नाही, त्याला समोरचं सगळं मधल्या करड्या रंगाचं आहे असंच वाटतं, साधारण १८ टक्के उजेड परत फेकणारा करडा. म्हणून पांढऱ्याला तू स्वतः एक ते दीड स्टॉप वाढवायचे आणि काळ्याला तेवढेच कमी करायचे, एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. पाडव्याच्या शोभायात्रेत पांढऱ्या सदऱ्यातले काका मळकट का येतात आणि पावसात काळी छत्री धुरकट का येते याचं उत्तर या ताटात आहे.

हे अंगात मुरलं की काय होतं त्याची एक गोष्ट सांगते. अॅन्सेल अॅडम्स हा नावाजलेला अमेरिकन फोटोग्राफर १९४१ च्या शरद ऋतूत न्यू मेक्सिकोत गाडी चालवत होता, हर्नांडेझ गावापाशी त्याला चंद्र उगवलेला दिसला आणि खाली कब्रस्तानातल्या पांढऱ्या क्रॉसवर मावळतं ऊन. गाडी बाजूला घेतली, मोठा कॅमेरा लावला आणि लाइट मीटर काही सापडेना. पण चंद्राचा उजेड किती असतो हा आकडा त्याच्या डोक्यात होता, एका चौरस फुटाला २५० कँडल, त्यावरून त्याने तिथल्या तिथे हिशेब केला, एफ ३२ ला एक सेकंद, आणि फोटो घेतला. दुसरा घ्यायला फिल्मचा होल्डर उलटा करेपर्यंत क्रॉसवरचं ऊन गेलं होतं. त्याने हे 'एक्झाम्पल्स' नावाच्या पुस्तकात स्वतः लिहिलंय, चाळीस फोटो आणि प्रत्येक कसा घडला ते, १९८३ चं पुस्तक आहे. ते आत्ता विकत घेऊ नकोस, महाग आहे, कुठे लायब्ररीत दिसलं तर तिथेच बसून वाच. आणि लायब्ररीवरून आठवलं, तू कळव्याला राहतेस म्हणजे ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय एका स्टेशनावर आहे, १८९३ पासूनची संस्था आहे, तिथली मेंबर नसशील तर या आठवड्यात हो, फोटोग्राफीसाठीच नव्हे, कथा-कादंबऱ्यांसाठीही, माणसं बघायला तिथूनच शिकतो आपण.

नेरुळहून एक निवृत्त बँक अधिकारी: मॅडम, नमस्कार. रिटायर झाल्यावर मोठी लेन्स घेतली आणि चार वर्षं फ्लेमिंगो काढतोय. डीपीएस तलाव, टी. एस. चाणक्यच्या मागचं पाणथळ, ऐरोलीची बोट, सगळीकडे जातो. फोटो शार्प येतात, ग्रुपवर लाइक्सही येतात, पण आमच्या ग्रुपमधल्या तीस जणांचे फोटो एकत्र केले तर माझा कुठला ते मलाच ओळखता येणार नाही. मुलीने सुझन सोंटॅगचं 'ऑन फोटोग्राफी' दिलं, त्यात एकही फोटो नाही! मला क्रिएटिव्हिटी शिकवणारं पुस्तक हवंय.

काका, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. स्वतःच्या फोटोंबद्दल एवढं सरळ लिहायला धीर लागतो आणि तुम्ही अर्धं काम केलेलं आहेच.

सोंटॅग कपाटात राहू दे. १९७७ चं पुस्तक आहे, आपण एवढे फोटो का काढतो आणि त्याने आपलं काय होतं यावरचे निबंध आहेत, फार मोलाचे आहेत पण तुमचा आजचा प्रश्न तो नाही. तुम्हाला मी जॉन झारकोव्स्कीचं 'द फोटोग्राफर्स आय' सुचवते. तो न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियममध्ये फोटोग्राफी विभागाचा प्रमुख होता, १९६४ मध्ये त्याने एक प्रदर्शन केलं आणि १९६६ मध्ये त्याचं हे पुस्तक आलं. ऑनलाइन मागवताना लेखकाचं नाव नीट बघा हं, कारण याच नावाचं मायकल फ्रीमनचं २००७ चं पुस्तक आहे, तेही उत्तम आहे, फ्रेममध्ये काय कुठे ठेवायचं यासाठी मी मुलांना तेच देते, पण ते वेगळं. झारकोव्स्कीच्या पुस्तकात मजकूर थोडा आणि फोटो भरपूर, आणि पाचच गोष्टी आहेत: समोरची वस्तू, तिचा तपशील, चौकट, वेळ आणि तुम्ही कुठे उभे आहात ती जागा. पाचच.

आता या पाचांतून तुमचे फ्लेमिंगो बघूया. तुमच्या ग्रुपचे तीसही जण एकाच कठड्यावर, एकाच लेन्सने, सकाळच्या त्याच उजेडात उभे असतात आणि सगळ्यांची धडपड एकच, मागच्या बिल्डिंगा फ्रेममध्ये येऊ नयेत. जागा एक, चौकट एक, वेळ एक, मग फोटो वेगळा यावा कुठून? माझं म्हणणं, त्या बिल्डिंगा येऊ द्या! भरतीला खाडीचा चिखल पाण्याखाली जातो म्हणून तर हे पक्षी उडून नेरुळच्या पाणथळात टेकायला येतात, आणि टेकतात ते सीवूड्सच्या टॉवरांच्या सावलीत, लोकलच्या आवाजात, वाळत घातलेल्या कपड्यांसमोर. नवी मुंबईचा फ्लेमिंगो हाच आहे. मागे निळं पाणी आणि बाकी काही नाही असा फ्लेमिंगो आफ्रिकेतही मिळतो. म्हणून एक महिनाभर मोठी लेन्स घरी ठेवा, साधी ५० एमएमची लेन्स किंवा नुसता मोबाईल घेऊन जा, भरतीची वेळ बघून जा, आणि पक्षी लहान दिसला तरी चालेल असं स्वतःला बजावून सांगा.

आणखी एक पुस्तक, पण हे बघायचं. रघुबीर सिंग म्हणून आपले मोठे फोटोग्राफर होते, १९९९ मध्ये गेले, भारत रंगीत काढायचा हे ज्यांनी फार आधी मनावर घेतलं त्यांतले. त्यांचं 'अ वे इनटू इंडिया' त्यांच्या पश्चात २००२ मध्ये आलं, त्यात अँबेसिडर गाडी सगळीकडे आहे, कधी तिच्या काचेतून, कधी उघड्या दारातून, कधी आरशातून देश दिसतो. चौकटीच्या आत चौकट! तुम्ही रोज पाम बीच रोडने जाता, गाडी तुमच्याकडे आहे, अजून काय पाहिजे.

खारघरहून एक गृहिणी, घरगुती उद्योग करतात: ताई, मी कोकम आगळ, सरबतं आणि दिवाळीला फराळ विकते, स्टीलच्या डब्यात पॅक करून देते. फोटो मोबाईलवर काढते. डब्यात माझाच चेहरा आणि सगळा हॉल दिसतो, आणि सरबताची बाटली काळी येते, बघणाऱ्याला वाटतं शिळं आहे. यावर पुस्तक असतं का?

असतं, आणि खास यावरच असतं. 'लाइट: सायन्स अँड मॅजिक', हंटर आणि फुक्वा यांचं, पहिली आवृत्ती १९९० ची, नंतरच्या आवृत्त्यांत बायव्हरचंही नाव आहे. धातू कसा काढायचा, काच कशी काढायची, पांढऱ्यावर पांढरं आणि काळ्यावर काळं कसं काढायचं, एकेका धड्यात सगळं. पण तुमचा सीझन तोंडावर आहे, पुस्तक येईपर्यंत थांबू नका, त्यातलं मुख्य इथेच सांगते.

स्टीलचा डबा म्हणजे आरसा. आरशावर कितीही उजेड मारला तरी तो समोर जे असेल तेच दाखवणार. म्हणून डब्यावर उजेड टाकायचा नाही, डब्याला जे 'दिसतंय' त्यावर टाकायचा. मोबाईल जिथे धराल तिथून डब्याकडे बघा आणि दुसऱ्या कुणालातरी हातात पांढरा कागद देऊन डब्याभोवती फिरवायला सांगा, ज्या ज्या जागी कागद डब्यात उमटतो त्या सगळ्या जागा पांढऱ्याने झाकायच्या, बाकी हॉलचं काहीही असू दे. पुस्तकात याला 'फॅमिली ऑफ अँगल्स' म्हणतात, मी कोनांचं कुटुंब म्हणते. प्रत्यक्षात काय लागेल तर खिडकीला बटर पेपर किंवा धुतलेलं पांढरं धोतर, डब्याच्या दुसऱ्या बाजूला थर्माकोल, आणि समोर अजून एक थर्माकोल ज्याला मोबाईलच्या लेन्सपुरतं भोक पाडलेलं. डबा मग एकदम दुधासारखा पांढरा दिसायला लागेल, कडाच हरवतील, तेव्हा एका बाजूला काळ्या कार्डपेपरची दोन बोटं रुंदीची पट्टी उभी करा, डब्याला गोलाई येते. ही पट्टी अर्धा इंच इकडेतिकडे सरकवताना काय काय बदलतं ते बघाच, मला अजूनही मजा येते.

बाटलीचं उलट आहे. काचेला आणि आतल्या सरबताला उजेड मागून हवा. बाटली खिडकीपासून दोन-तीन फूट पुढे आणा, खिडकीला बटर पेपर असू दे, आणि कॅमेऱ्यात दिसतो तेवढाच मागचा भाग उजळ ठेवून बाकी खिडकी काळ्या कापडाने झाका. कोकमाचा लाल रंग आतून पेटल्यासारखा येईल आणि बाटलीच्या कडेने आपोआप बारीक काळी रेघ येईल. लेबल मात्र काळं पडतं, त्यासाठी समोरून, मोबाईलच्या शेजारून, छोटा पांढरा पुठ्ठा धरून उजेड लेबलवर परतवा. आणि हॉलची ट्यूबलाइट बंद!

घणसोलीहून एक वेडिंग फोटोग्राफर: ताई, सहा वर्षं लग्नं करतोय. दोन दिवसांचं पॅकेज ३५ हजार, त्यात अल्बम आणि एक असिस्टंट मीच देतो. वर्षाला पंचवीसेक लग्नं होतात पण हातात काही राहत नाही. वर क्लायंट सगळ्या रॉ फाइल्स, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेल्या एडिट न केलेल्या मूळ फाइल्स, मागतात. एका मित्राने अमेरिकन बिझनेसच्या पुस्तकातलं अॅग्रीमेंट दिलं, त्यात फोटोंचा कॉपीराइट फोटोग्राफरचा असं आहे. तेच छापून वापरू का?

थांब रे बाबा, ते छापू नकोस, आधी हे वाच.

पुस्तक चांगलंच असणार. मी या विषयात जॉन हॅरिंग्टनचं 'बेस्ट बिझनेस प्रॅक्टिसेस फॉर फोटोग्राफर्स' वापरते, २००६ पासून आवृत्त्या निघताहेत, दर कसा काढायचा, कागदपत्रं कशी ठेवायची, नाही कसं म्हणायचं, हे सगळं त्यात आहे आणि धंदा करणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावं असं माझं ठाम मत आहे. पण ते अमेरिकेच्या कायद्यावर उभं आहे. तिकडे फ्रीलान्सरने काढलेला फोटो साधारणपणे त्याचाच असतो, लेखी वेगळं ठरलं नसेल तर. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट अॅक्ट आहे आणि त्याच्या कलम १७ मध्ये बरोबर उलट आहे: कुणाच्या सांगण्यावरून, पैसे घेऊन फोटो काढला असेल, आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक तो सांगणारा. म्हणजे लग्नात तुझा क्लायंट. इंग्लंडमध्येही पूर्वी असंच होतं, त्यांनी १९८८ च्या कायद्याने ते बदललं, आपलं तसंच आहे.

हे मी पुस्तकातून शिकले नाही, फटका खाऊन शिकले. सुरुवातीच्या काळात एका कंपनीच्या कॅटलॉगसाठी फर्निचरचे फोटो काढले होते, फक्त कॅटलॉगसाठी असं तोंडी ठरलेलं. सहा महिन्यांनी रिक्षातून घोडबंदर रोडने जाताना मान वर केली तर माझा फोटो, होर्डिंगवर, वीस फूट. मी रिक्षा थांबवून उतरलेच. फोन केला तर ते म्हणाले पैसे दिलेत की तुम्हाला. माझ्याकडे असंच इंग्रजी पुस्तकातलं अॅग्रीमेंट होतं, शूट झाल्यावर ईमेलने पाठवलेलं, सही कुणाचीच नाही. वकिलांनी कायद्याचं पुस्तक उघडून ते कलम माझ्यासमोर ठेवलं आणि मला पहिल्यांदा कळलं की 'वेगळा करार नसेल तर' या चार शब्दांत माझा सगळा धंदा आहे.

म्हणून करार कर, काम सुरू व्हायच्या आधी, दोघांच्या सह्यांनी. त्यात साध्या मराठीत लिही की फोटोंचा कॉपीराइट फोटोग्राफरकडे राहील, आणि कुटुंबाला घरगुती वापरासाठी, प्रिंट काढायला, सोशल मीडियावर टाकायला कायमची परवानगी आहे. त्यांचे फोटो तुझ्या जाहिरातीत वापरायचे असतील तर तीही परवानगी त्याच कागदावर वेगळ्या ओळीत घे, कॉपीराइट तुझा असला तरी चेहरा त्यांचा आहे, नवरीला नको असेल तर नाही म्हणजे नाही. पुढे कुणाला हक्क विकलेस तर किती वर्षांसाठी आणि कुठे कुठे ते लिहिलंच पाहिजे, कारण काही लिहिलं नसेल तर कायदा पाच वर्षं आणि भारतापुरतं असं धरतो. आणि फोटो कुणाच्याही मालकीचा झाला तरी तो तू काढलास हे सांगायचा हक्क कलम ५७ प्रमाणे तुझ्याकडे राहतोच. एकदा स्थानिक वकिलाला मसुदा दाखव, एकदाचाच खर्च आहे, नंतर तोच कागद दहा वर्षं चालतो.

रॉ फाइल्सचं उत्तर पण त्याच कागदात आहे, किती एडिट केलेले फोटो देणार, किती दिवसांत देणार, बॅकअप किती महिने ठेवणार, रॉ देणार की नाही आणि देणार तर किती जास्त पैसे घेणार. आधी लिहिलेलं असलं की मांडवात वाद होत नाही.

आता हातात का राहत नाही ते बघू. हॅरिंग्टनच्या पुस्तकातला माझ्या मते सगळ्यात उपयोगी भाग हाच, धंदा चालू ठेवायचा वर्षाचा खर्च आधी काढा आणि मग दर ठरवा. तुझे आकडे मला माहीत नाहीत म्हणून अंदाजाने मांडते, तू तुझे घाल. कॅमेरे, लेन्स, फ्लॅश मिळून समज ६ लाखांचं सामान, चार वर्षांत बदलावं लागतं, म्हणजे वर्षाचे दीड लाख. लॅपटॉपचे ३० हजार, हार्डडिस्क आणि क्लाउडचे ३०, सॉफ्टवेअर आणि विमा ३०, प्रवास ६०, फोन-इंटरनेट २०, सँपल अल्बम आणि जाहिरात ३०. झाले साडेतीन लाख. घर चालवायला महिन्याला ४० हजार तरी, म्हणजे ४ लाख ८० हजार. एकूण ८ लाख ३० हजार. पंचवीस लग्नांनी भाग, एका लग्नाला ३३,२०० रुपये, आणि यात अजून असिस्टंट आणि अल्बम आलेलाच नाही. असिस्टंटचे ६ हजार, अल्बमचे ९ हजार धर, ४८,२०० झाले. तू घेतोस ३५ हजार. प्रत्येक लग्नात तू १३,२०० रुपये खिशातून घालतोयस, वर्षाचे ३ लाख ३० हजार, आणि ते जातायत कुठून तर कॅमेरा बदलायच्या पैशातून आणि घरातून. म्हणून तुला कळत नाही कुठे गेले.

दर एकदम वाढवता येत नाही हे मलाही माहीत आहे, घणसोलीत तुझ्या गल्लीतच २५ हजारात करणारा बसलेला असतो. मी काय केलं होतं ते सांगते, अल्बम पॅकेजमधून बाहेर काढला. ज्याला हवा तो वेगळे पैसे देतो, आणि बहुतेक सगळे घेतातच, फक्त लग्न होऊन महिन्याभराने घेतात, तेव्हा हात मोकळा झालेला असतो. आणि अर्धे पैसे बुकिंगला, उरलेले फोटो हातात द्यायच्या आधी. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते आणि या कामावर १८ टक्के आहे, अजून तुला वेळ आहे, पण आत्तापासून प्रत्येक लग्नाचं बिल नंबर घालून बनव.

कोपरखैरणेहून एक वाचक: ताई, दोन लहान मुलं आहेत, बाहेर पडता येत नाही. कॅमेरा आहे, हौस आहे, पण काढलेला कुठलाच फोटो मला आवडत नाही, मग महिना-महिना कॅमेरा हातातच घेत नाही.

'आर्ट अँड फिअर' वाच, डेव्हिड बेल्स आणि टेड ऑरलंड या दोघांनी १९९३ मध्ये लिहिलेलं, पातळ पुस्तक आहे, मुलं झोपल्यावर चार दिवसांत होईल. त्यातली कुंभारकामाच्या वर्गाची गोष्ट प्रसिद्ध आहे, पण ती मुळात फोटोग्राफीच्या वर्गात घडलेली, फ्लोरिडा विद्यापीठात जेरी यूल्समनच्या वर्गात. त्याने मुलांचे दोन गट केले, एकाला सांगितलं तुमचे मार्क संख्येवर, शंभर फोटो दिले की ए, नव्वदला बी. दुसऱ्याला सांगितलं एकच फोटो द्या, पण उत्तमातला उत्तम. शेवटी चांगले फोटो निघाले ते सगळे शंभरवाल्यांचे, कारण एकचवाले विचारच करत बसले.

तू शंभरवाल्या गटात जा. एक जागा ठरव, तुमच्या स्वयंपाकघराची खिडकी म्हण, आणि एका महिन्यात तिथले शंभर फोटो. सकाळी डबे भरताना, दुपारी कुणी नसताना, पाऊस असताना, मुलं ओट्यावर चढलेली असताना. महिनाभर एकही डिलीट करायचा नाही आणि कॉम्प्युटरवर बघायचाही नाही. मग सगळे छोटे छोटे प्रिंट करून जमिनीवर पसर आणि मुलांना निवडायला सांग, मुलं फार नेमकं उचलतात.

ठाणे पश्चिमेहून: मॅडम, इंग्रजी वाचायचा कंटाळा येतो. मराठीत काही आहे का?

आहे की. संदेश भंडारे यांचं 'तमाशा: एक रांगडी गंमत' आणि वारीवरचं 'वारी: एक आनंदयात्रा', दोन्ही आपल्या मातीतली, आणि एका विषयामागे वर्षानुवर्षं जाणं म्हणजे काय ते यातून कळतं. पोर्ट्रेट आवडत असतील तर गौतम राजाध्यक्ष यांचं 'चेहेरे', फोटोही त्यांचे आणि लिहिलंयही त्यांनीच, समोरच्या माणसाशी बोलता बोलता उजेड कसा लावायचा हे त्यांच्याइतकं कुणाला जमलं नसेल. आणि पद्मश्री सुधारक ओलवे यांचं मुंबईच्या सफाई कामगारांवरचं काम कुठेही प्रदर्शनात लागलं तर जाच, एकट्याने जा, प्रत्येक फोटोसमोर दोन मिनिटं उभे राहा. होमाई व्यारावाला, म्हणजे आपल्या देशाच्या पहिल्या महिला प्रेस फोटोग्राफर, त्यांच्यावरचं सबीना गडिहोक यांचं पुस्तक इंग्रजीत आहे, पण त्यातले फोटो बघायला भाषा लागत नाही. माझ्या स्टुडिओत त्याची एक प्रत आहे, नौपाड्याला आलात तर बसून बघा, फक्त हात धुऊन.